कृत्रिम दाताचे मूळ आणि लेप

पडलेल्या दाताच्या जागी दंतवैद्य जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात चढवतात. ‘डॉक्टर, लेपाचा महाग स्क्रू घेऊ की साधा?’ असे रुग्ण मला विचारतात. मी दंतवैद्य नव्हे. पण साखर तपासायला ते माझ्याकडेच येतात.

टायटॅनियमला हाड थेट धरते, हे स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवरील प्रयोगात दिसले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. ते स्क्रू बरेच गुळगुळीत होते; हाड धरेपर्यंत तीन ते सहा महिने थांबावे लागे. गुळगुळीत भिंतीवर गिलावा टिकत नाही, तशातलाच हा प्रकार.

मग हाडातल्याच कॅल्शियम-फॉस्फेटसारख्या क्षाराचा, म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा, लेप आला. हाड लवकर येऊ लागले. पण काहींच्या बाबतीत लेपच धातूपासून सुटला. म्हणून आज बहुतेक स्क्रूंवर लेप नसतो. बारीक कणांचा मारा करून व आम्लाने पृष्ठभाग खरबरीत केलेला असतो. हाड चांगले असेल तर सहा ते आठ आठवड्यांत दात चढवता येतो.

मात्र हिरडी खाली सरकून हा खरबरीत भाग उघडा पडला, तर त्यावर कीटण चटकन साचते आणि धरलेले हाड झिजू लागते. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू चालू असेल, तर हा धोका वाढतो. स्क्रू बसवण्यापूर्वी तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यावी. विडी-मिश्री सुटणार नसेल, तर दंतवैद्याला तसे आधीच सांगावे.