मुलाचे वावडे आणि आपली पंगत

‘अमक्याला अमुक पदार्थाचे वावडे आहे’ असे आपण सहज बोलून जातो. कारले आवडत नाही यालाही वावडे म्हणतो आणि दुधाने पोट बिघडते यालाही. परंतु काही मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आवडीनिवडीचा नसून प्राणाचा असतो. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली दिलेला ‘ॲलर्जी’ हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. त्याचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे.

रोगजंतूंशी झुंजणारी शरीराची शक्ती अशा मुलात एखाद्या निरुपद्रवी अन्नातील प्रथिनालाच शत्रू समजते. मग तो पदार्थ पोटात जाताच काही मिनिटांत, क्वचित तासा-दोन तासांनी, अंगावर गांधी उठतात, ओठ व जीभ सुजते, वांत्या होतात. प्रसंग गंभीर असेल तर आवाज बसतो, श्वास कोंडतो, मूल निपचित पडते. दूध, अंडी, मासे, कोळंबी, गहू, काजू व भुईमूग हे यातील नेहमीचे पदार्थ होत.

इंदूर असो, ग्वाल्हेर असो की बडोदे, मराठी घराने मुलूख सोडला तरी दाण्याचे कूट सोडले नाही! कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, उपवासाची खिचडी आणि आमटी तर दाण्यांवाचून होतच नाही. त्यामुळे दाण्यांचे वावडे असलेल्या मुलाच्या आईला आपल्याच स्वयंपाकघरात डोळ्यांत तेल घालून वावरावे लागते. दाणे भाजल्याने वा शिजविल्याने धोका टळत नाही. कोशिंबिरीचा चमचा वरणात बुडाला, एवढेही एखाद्या मुलास पुरते.

वावडे आहे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे. केवळ रक्ततपासणीच्या कागदावरून दहा पदार्थ बंद केल्यास मुलाचे पोषण खुंटते. दूध व अंड्याचे वावडे पुष्कळ मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते. दाण्यांचे बहुधा राहते. तथापि ‘आता गेले असेल’ म्हणून घरी चाखवून पाहू नये.

श्वास कोंडू लागला तर खरे औषध एकच : ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत. खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. औषधाची मात्रा व टोचण्याची रीत डॉक्टरांकडून आधीच शिकून लेखी घ्यावी आणि ते औषध मुलाबरोबर सदैव असावे. मुलास आडवे निजवावे, पाय उंच करावे. धाप लागली असल्यास बसू द्यावे, पण चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आराम पडला तरी रुग्णालयात न्यावेच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

२०२० च्या विनियमांनुसार बंद पुड्यांवर अशा पदार्थांचा उल्लेख करणे आपल्या देशात आवश्यक ठरले आहे. तो वाचण्याची सवय मुलासही लावावी. परंतु पंगतीतल्या पानावर असा कागद चिकटविलेला नसतो! तेथे आपणच सावध राहिले पाहिजे. ‘घे रे बाळा, एवढ्याशाने काही होत नाही’, हे आजी-मावशींचे वाक्य मायेचे खरे, पण अशा मुलास ते घातक ठरू शकते. प्रसाद नाकारणारे मूल उद्धट नसते आणि विचारपूस करणारी आई नखरेल नसते.

म्हणून आमची सर्व कुटुंबांस विनंती आहे की, उत्सवाच्या स्वयंपाकात कशात दाणे आहेत, कशात काजू, हे फळ्यावर लिहावे. अशा मुलाचे अन्न स्वच्छ भांड्यात आधी काढून ठेवावे. प्रत्येक पदार्थास वेगळा डाव असावा. आणि आईबापांस विचारल्यावाचून मुलाच्या हातावर काही ठेवू नये. हळदीकुंकवाला तिळगुळाच्या लाडवात दाणे घातले असल्यास तसे सांगावे. देवाचा प्रसाद म्हणून आईने पाहून दिलेला खडीसाखरेचा खडाही पुरतो. एवढे केले म्हणजे त्या मुलास घरी बसवावे लागणार नाही. इतरांच्या शेजारी त्याचेही पान मांडता येईल.