विळ्याचा दगड वस्तऱ्याला नको!

धान कापणी जवळ आली की देवरी तालुक्यात घरोघरी विळे निघतात आणि अंगणातल्या धारेच्या दगडावर पाणी पडते. पण त्याच दगडावर घरातला कोणी वस्तरा घासू लागला, तर शेतकरी बंधूंनो, त्याला तिथेच थांबवा. चार हातांत वस्तऱ्याची धार बिघडते आणि पुढच्या दाढीला गाल सोलून निघतो.

असे का? विळ्याला जरा खरबरीत धार चालते, कारण ती धानाच्या काडीला पकडून कापते. वस्तरा मात्र चामडीवरून फिरतो. त्याच्या धारेवर एक ओरखडा राहिला तरी तो बोचतो. म्हणून वस्तऱ्याचा दगड, म्हणजे पथरी, वेगळीच हवी.

पथरी घेताना आधी नंबर बघावा. नंबर जितका मोठा, तितके कण बारीक. हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा करडा कार्बोरंडम दगड विळा-कुऱ्हाडीसाठी ठीक, वस्तऱ्यासाठी फारच जाड. धारेला खाच पडली असेल तर १००० नंबर, मग ४००० आणि शेवटचा हात ८००० वर. धार नुसती मंदावली असेल तर शेवटचा एकच पुरे. वाघ नदीच्या पात्रातला गुळगुळीत गोटा आणून काम भागवू नये. त्यात कण लहान-मोठे असतात, आणि एक मोठा कणही धार बिघडवायला पुरेसा असतो.

जुन्या नाभिक बांधवांच्या धोकटीत खाणीतून काढलेली पथरी सापडते. ती घरात असेल तर विळ्याला देऊ नका. नैसर्गिक पथरीला जगभर मान आहे. बेल्जियमचा पिवळट दगड आणि अमेरिकेतला अरकान्सासचा दगड वस्तऱ्यासाठी नावाजलेले आहेत. अरकान्सासच्या दगडाचे शास्त्रीय नाव नोव्हाक्युलाइट. ते वस्तऱ्याच्या लॅटिन नावावरूनच पडले आहे.

धार लावताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकलेली असावीत. दगडावर धार पुढे ठेवून हात चालवावा. चामोट्यावर उलटे, तिथे पाठ पुढे. वस्तरा पलटताना पाठीवरच फिरवावा. आणि जोर अजिबात लावू नये, वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरते. धार आली की नाही हे अंगठ्याने बघू नका, हातावरचा केस कापून बघा.

आता निगा. दगड वापरता वापरता मध्ये खोलगट होतो, आणि खोलगट दगडावर सरळ धार येत नाही. दगडावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा माराव्यात. जाड काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरावा आणि त्यावर दगड घासावा. जिथे रेघ शिल्लक राहील, तिथे खोलगा आहे. सगळ्या रेघा पुसल्या की दगड सपाट झाला. दगड कोरडा घासू नये, ती धूळ छातीला वाईट. पाण्याच्या दगडाला तेल लावू नये. काम झाल्यावर धुऊन सावलीत वाळवावा, उन्हात तडकतो. वस्तरा कोरडा पुसून तेलाचा हलका हात द्यावा, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो.

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. एकच वस्तरा अनेकांच्या गालावर फिरला तर रक्तातून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते. म्हणून दुकानात दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड घालायचा वस्तरा, आणि पथरीवरचा वस्तरा घरी, एकाच माणसासाठी. घरातल्या दोघांनी मिळूनही तो वापरू नये.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींसाठीही थोडे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत नाभिक व्यवसाय आहे. त्यात प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. तेव्हा गावातल्या कारागिराचा अर्ज टेबलावर पडून राहू देऊ नका.

कापणीला अजून वेळ असेल तर आजच दोन दगड वेगळे करून ठेवा: विळ्याचा अंगणात, वस्तऱ्याचा फडक्यात गुंडाळून फळीवर.