शिवण क्लास काढताय? आधी गावाचं टाइमटेबल बघा

बरेच जण तीन महिन्यांचा छापील कोर्स आणतात आणि तोच नारायणगावला, तोच डिंभे धरणाच्या वरच्या आदिवासी गावांतही लावतात. तिथंच गाडं अडतं.

नारायणगाव भागात टोमॅटोची तोडणी सुरू झाली की बाया रानात. रोजची बॅच ओस पडते. पश्चिम पट्ट्यात जुलैमध्ये भातलावणी, उन्हाळ्याच्या तोंडावर हिरडा. त्या दिवसांत तिथं क्लास ठेवूच नका. आणि ऊसतोड चालू असताना संध्याकाळची बॅच टाळा. फड मोकळा झाला की बिबट्या बाहेर पडतो. अंधारात घरचे पोरींना पाठवत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

म्हणून कोर्स महिन्यांत नको, तासांत मोजा. समजा ७२ तास. एका बॅचला रोज दोन तास, ३६ दिवस. तोडणीवाल्या बॅचला आठवड्यातून दोनदा तीन-तीन तास, म्हणजे १२ आठवडे. शिकवणं तेवढंच, फी तेवढीच.

क्रमसुद्धा बदला. नवख्या बॅचला आधी पिशवी, मग परकर, मग ब्लाउज. पण जिच्या घरी मशीन आहे तिला आठ दिवस सरळ शिलाई मारायला लावली तर ती यायचीच बंद होईल. तिला थेट ब्लाउजच्या कटिंगवर घ्या.

हिशोब बघा. १५ जणी, फी ३००० रुपये, दोन हप्ते. मधेच ६ जणी गळल्या, तर दुसऱ्या हप्त्याचे ९००० गेले. जागेचं भाडं मात्र तेवढंच.

प्रवेश देतानाच वहीत लिहून घ्या: रानात काय पीक आहे, परतीची एसटी किती वाजता, घरी मशीन आहे का. टाइमटेबल त्यानंतर छापायला टाका.