दुसरी सही

बँकेतली एक सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. कागद हाती आला की मी आधी खालच्या सह्या बघते. व्हाउचर एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासून पास करायचं, मगच कॅशियरने पैसे मोजायचे. एकच सही असलेलं व्हाउचर मी आल्यापावली परत पाठवत असे. (यामुळे माझ्याविषयी शाखेत काय बोललं जाई, ते इथे लिहिण्याजोगं नाही.)

त्यामुळे भाची मोबाइलवर डॉक्टरकी शिकते आहे हे पाहिलं, तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो हाच, की इथे दुसरी सही कोणाची?

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला होती. शवविच्छेदनाचा हॉल बंद, आणि शरीररचनेचे तास बहिणीच्या स्वयंपाकघराशेजारी, लॅपटॉपवर. "मावशी, हृदय दिसतं गं, पण हातात येत नाही," ती म्हणायची. पुढे कॉलेज उघडलं, पण मोबाइलची शाळा सुटली नाही. कुणी रात्री अकराला ग्रुपवर ईसीजी टाकावा, पाचजणांनी पाच निदानं करावीत आणि बाराच्या सुमारास एखाद्या सीनियरने पाचही खोडून काढावीत! यूट्यूबवर तर जगभरचे प्राध्यापक फुकट शिकवत बसलेले. या चळवळीला 'फोम' असं नावही आहे. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर माइक कॅडोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते 2012 मध्ये डब्लिनच्या एका पबमध्ये सुचलं म्हणे. समोर फेसाळता ग्लास असल्यावर दुसरं काय सुचणार!

सप्टेंबर 2022 मध्ये आमच्या ह्यांना डेंग्यू झाला. माझ्या मोबाइलवर उपायांचा पाऊस पडू लागला. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध. प्रत्येक निरोपाखाली 'पुढे पाठवा' असं असायचं, कुणाचं नाव मात्र नाही. आणि मी, जन्मभर सह्या तपासणारी बाई, पानं वाटून रस काढला!

पाचव्या दिवशी ताप उतरला. मी आनंदाने मऊ भात टाकला आणि भाचीला फोन केला. ती एकदम गंभीर झाली. "मावशी, ताप उतरला म्हणजे सुटलो असं नसतं. काकांचं पोट दुखतंय का? उलट्या? हिरड्यांतून रक्त?" पोट सकाळपासून दुखत होतं. मी ते रसावर ढकललं होतं. "आत्ताच्या आत्ता ने." डेंग्यूत ताप उतरतानाच बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं, रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. ते चोवीस-अठ्ठेचाळीस तासच धोक्याचे. आम्ही पोहोचलो तेव्हा ह्यांचे हातपाय गार पडू लागले होते. दोन दिवस सलाइनवर काढले.

नंतर मी तिला विचारलं, हे कुठे शिकलीस? वर्गात, वॉर्डात, आणि विकिपीडियावर, ती म्हणाली. मी कपाळावर हात मारला. कुणीही येऊन लिहावं अशी ती वही! पण तिथला डेंग्यूवरचा इंग्रजी लेख डॉक्टर जेम्स हाइलमन आणि इतरांनी नीट केला, तज्ज्ञांनी तपासला आणि 2014 मध्ये 'ओपन मेडिसिन' या नियतकालिकात तो छापूनही आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तर 2013 पासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना असे लेख सुधारण्याबद्दल श्रेयांक मिळू लागले. म्हणजे दुसरी सही होती. पपईच्या रसाखाली ती नव्हती, एवढं मला तेव्हा दिसायला हवं होतं.

मात्र एक गोष्ट मला पटलेली नाही. एकदा तिने ग्रुपवरचा त्वचारोगाचा फोटो दाखवला. पुरळ शिकण्यासारखं होतं, पण कोपऱ्यात बाईंचा चेहरा आणि केसपेपरवरचं नाव स्पष्ट दिसत होतं. आम्ही खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगत नसू. मी विचारलं, "या बाईंना विचारलं होतं का?"

ती गप्प झाली. मग तिने ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या, आणि टाकणाऱ्या मुलाने माफी मागून फोटो काढला. पण तोवर दुपार उलटून गेली होती. ग्रुपात शंभरावर मुलं. त्यातल्या किती जणांच्या मोबाइलमध्ये तो उतरला असेल, ते कोण तपासणार?