विहिरीचं पाणी किती दिवस पुरेल? दोरी आणि वहीचा हिशोब



गहू फुलोऱ्याकडे चाललाय आणि काहीजण उन्हाळी भुईमुगाचं बियाणं विचारू लागलेत. बियाणं घेण्याआधी विहीर मोजा. दोरीला दगड बांधून, सकाळी मोटार चालू करण्याआधी मोजायचं आणि तारखेसह वहीत लिहायचं.

समजण्यासाठी दोन विहिरी घेऊ. आकडे उभ्या पाण्याचे, फुटांत.

*पहिली विहीर*
१६ जानेवारी – १९.५
२१ जानेवारी – १८
२६ जानेवारी – १६.५
३१ जानेवारी – १५

*दुसरी विहीर*
१ जानेवारी – २०
११ जानेवारी – १८
२१ जानेवारी – १६
३१ जानेवारी – १४

वरवर पाहिलं तर पहिली बरी वाटते. पाणी एक फूट जास्त, आणि प्रत्येक ओळीला दीडच फूट उतरतंय. दुसरीचं दोन फूट. इथंच फसगत होते. पहिलीची ओळ ५ दिवसांची आहे, दुसरीची १० दिवसांची. दोन्ही सारख्या दिवसांवर आणा: १० दिवसांत पहिली ३ फूट उतरते, दुसरी २ फूट. म्हणजे पहिलीच जोरात खाली चाललीय. याच चालीनं १० फेब्रुवारीला दोन्हीत १२-१२ फूट पाणी असेल आणि त्यानंतर पहिली मागे पडेल.

आता शेवट काढू. फूटव्हॉल्व्ह बुडलेला राहावा म्हणून तळाचं ३ फूट पाणी सोडून द्या. पहिलीत उरलं १२ फूट, म्हणजे ४० दिवस, १२ मार्चपर्यंत. दुसरीत ११ फूट, म्हणजे ५५ दिवस, २७ मार्चपर्यंत.

१५ डिसेंबरला पेरलेल्या गव्हाला दाणे भरतानाचं पाणी (८० ते ८५ दिवस) ५ ते १० मार्चला लागतं. पहिल्या विहिरीवर ते जेमतेम बसतंय. ओढाताण झालीच तर शेवटचं पाणी सोडा, पण ६० ते ६५ दिवसांचं, म्हणजे १३ ते १८ फेब्रुवारीचं पाणी चुकवू नका. भुईमूग मात्र आत्ता पेरला तरी मे महिन्यापर्यंत पाणी मागतो. तो दोन्ही विहिरींवर बसत नाही, मग बियाणं कितीही स्वस्त मिळो.

हा हिशोब उतार सारखा आहे तोवरच खरा. मोटार तासभर जास्त चालवली की बिघडला. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचे झरे उन्हाळ्याकडे बारीक होतात, म्हणून मार्चमध्ये उतार वाढेल असंच धरून चाला आणि दर ५ दिवसांनी मोजत राहा. ओळींमधला फरक वाढताना दिसला की शेवटची तारीख अलीकडे ओढा.

आणि एक. फूट म्हणजे लिटर नव्हे! २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर, १४ फूट व्यासाच्या विहिरीत सुमारे ४,३५०. सामाईक विहिरीवर पाळ्या ठरवताना यावरूनच वाद होतात. दिवस मोजायला फूट चालतात, पाणी वाटायला लिटरच काढा.

चार मोजण्या झाल्या की वहीच्या पानाचा फोटो गटावर टाका, सोबत विहिरीचा व्यास आणि पिकाची पेरणीची तारीख लिहा. हिशोब करून कळवू.