न दिसणाऱ्या लक्ष्याचा सराव

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्प येथे भारतीय लष्कराची तोफखाना प्रशिक्षण शाळा आहे. सध्या पाकिस्तानात असलेल्या काकूल येथून ती १९४१ साली येथे हलविण्यात आली. भोवतालच्या माळावर तोफांचा गडगडाट ऐकू आला, तरी या विद्येचा अवघड भाग आवाजाविनाच शिकावा लागतो.

तोफेवरील जवानांना लक्ष्य सहसा दिसत नाही. पुढच्या चौकीतील निरीक्षक ते पाहून बिनतारी यंत्रावरून जागा कळवितो. दुसरे पथक त्यावरून दिशा व नळीचा कोन काढते. तोफेवर तेवढेच आकडे पोहोचतात. या गणितात वर्तुळाचे ६,४०० भाग मानतात. त्यांतील दहा भागांची चूक वीस किलोमीटरवर जवळजवळ दोनशे मीटरची होते, आणि तेवढ्या अंतरात आपलेच सैनिक असू शकतात. ऐकलेला आकडा मोठ्याने परत उच्चारण्याचा नियम आहे तो यासाठीच. प्रत्येक जण आपापल्या कामात तरबेज असूनही पथक चुकते, ते बहुधा या देवाणघेवाणीत.

रोज खरे गोळे डागून हा सराव परवडणारा नाही. पूर्वी तोफखान्यात भूप्रदेशाच्या लहान प्रतिकृतीतून धुराचे पुंजके सोडून निरीक्षकांना शिकवीत. आता संगणकावरील सिम्युलेटर आले. संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांच्या वापराचा आराखडाही जाहीर केला. मात्र पडद्यावरील चित्र हुबेहूब असणे पुरेसे नाही. संदेश मध्येच तुटणे, लक्ष्य हलणे, वेळ अपुरा पडणे हेही सरावात यावे लागते; आणि शेवटी कोणी काय ऐकले याची उजळणी हुद्द्याचा संकोच न ठेवता व्हावी लागते.

विमान वाहतुकीला हे फार महागात शिकावे लागले. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. वैमानिक अनुभवी होते. नियंत्रण मनोऱ्याशी झालेल्या बोलण्याचा अर्थ मात्र वेगळा घेतला गेला. पुढे वैमानिकांच्या सरावात वरिष्ठाला वेळीच हटकण्याचे शिक्षणही आले.

आपल्या शाळा-ग्रामपंचायतींतील आपत्ती सराव बहुधा आदल्या दिवशी जाहीर होतो. पाहुणे येतात, घंटा होते, मुले रांगेने मैदानात जमतात. त्या दिवशी दूरध्वनी कधी बंद पडत नाही, की किल्ली खिशात घेऊन शिपाई बाजाराला गेलेला नसतो. एखाद्या वर्षी हे दोन्ही मुद्दाम घडवून पाहण्यास हरकत नसावी.