हाक मारताना

हळद शिजवायचे दिवस आहेत असे समजा. वसमतकडच्या एका शिवारात दहा माणसे राबत आहेत. साठी ओलांडलेले सखाराम जाळ घालीत आहेत. मालकाचा दहा वर्षांचा मुलगा येतो आणि ओरडतो, "ए सख्या, पाणी आण रं!" सखाराम मुकाट्याने उठतात. मुलाने शिवी दिली नाही, हात उगारला नाही. मग बिघडले काय?

बिघडले ते हाकेत. सखारामचा सख्या झाला. असाच नामदेवचा नाम्या होतो, गंगूबाईची गंगी होते. नाव तोडले की माणसाचा मानही तुटतो. आणि हे नेहमी गरिबाच्याच वाट्याला येते. सावकाराला कोणी असे बोलत नाही.

तर मग 'अरे' म्हणणेच वाईट का? तसे नाही. दोन मित्र एकमेकांना अरे म्हणतात. आई लेकराला अरे म्हणते, लेकरूही 'अगं आई' म्हणते. विठोबाला तर आपण सगळेच 'तू' म्हणतो. तिथे माया असते.

मग माया कोणती आणि तोरा कोणता, हे ओळखावे कसे? आम्ही एक सोपी कसोटी सांगतो. आपण ज्याला अरे म्हणतो, त्याने उलटून 'कारे' म्हटले तर आपल्याला राग येईल का? राग येत नसेल तर ती माया. राग येत असेल तर तो तोरा.

जी गोष्ट माणसाच्या नावाची, तीच वस्तीच्या नावाची. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी नावे गावोगाव होती. शाळेत पत्ता सांगायचा तर पोराला आधी जात सांगावी लागे. म्हणून महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये निर्णय घेतला. वस्त्यांची जातीवरून पडलेली नावे बदलायची. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यायची. पण नुसती पाटी बदलून भागत नाही. तोंडातले नावही बदलावे लागते.

कोणी म्हणेल, "जुनी सवय हाय, जीभ वळत नाही." आम्ही म्हणतो, वळते! १ मे १९९९ पर्यंत आपण परभणी जिल्ह्यात होतो. त्या दिवशी हिंगोली जिल्हा झाला. आपण पत्रावर 'जिल्हा हिंगोली' लिहायला शिकलोच ना?

कोणाला दिसत नाही, कोणाचा पाय अधू असतो. त्यांना 'ए आंधळ्या', 'ए लंगड्या' म्हणून हाक मारतात. त्यांना नाव नाही का? नवरा वारलेल्या बाईला 'पांढऱ्या कपाळाची' म्हणतात. तिचे दुःख काय थोडे आहे, की वर हा डाग द्यावा?

कायदाही याकडे पाहतो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान करणे हा १९८९ च्या कायद्याने गुन्हा आहे. दिव्यांग माणसाचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला, तर २०१६ च्या कायद्याने सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याच्या भीतीने दिलेला मान किती दिवस टिकणार? तो मनातून आला पाहिजे.

तो कसा येतो, हे पाहायला लांब जायला नको. आपल्या जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. तिथे वारकरी एकमेकांना 'माउली' म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. समोरच्याची जमीन किती, हे कोणी विचारीत नाही. देवाच्या दारी जे जमते, ते शेताच्या बांधावर का जमू नये?

आता आपल्याला लिहिता येते. म्हणून आजचा अभ्यास असा. आपल्याकडे कामाला येणाऱ्या, आपल्या आळीत राहणाऱ्या दहा माणसांची नावे पाटीवर लिहा. नाव पूर्ण लिहा. पुढे राव, भाऊ, मामा, बाई, मावशी, जे शोभेल ते जोडा. एखाद्याचे पूर्ण नाव ठाऊक नसेल तर त्यालाच जाऊन विचारा, "तुमचं पूर्ण नाव काय हो?" आणि उद्यापासून त्याच नावाने हाक मारा. घरातली लेकरे ऐकत असतात. ती आपोआप शिकतील.